पोर्ट्रेटमधला फोकस आणि ॲपर्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कॅमेरा किंवा नवी 'फिफ्टी' (५० एमएमची लेन्स) हातात आली की पहिल्या महिन्याभरात जे प्रश्न पडतात, तेच मला सतत विचारले जातात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे आणि अडचणीचे प्रश्न पुढे आहेत, पण कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. वेगळं सांगितलं नसेल तिथे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० एमएम लेन्स धरून आकडे दिले आहेत, कारण विचारणाऱ्या बहुतेकांकडे हीच जोडी असते.

१. ॲपर्चरचा (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा) आकडा लहान केला की भोक मोठं होतं. हे असं उलटं का?

कारण तो आकडा भागाकारातला आहे. फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएममधला आकडा) भागिले छिद्राचा व्यास म्हणजे एफ नंबर. ५० एमएम लेन्स एफ २ ला असताना छिद्र २५ मिलिमीटरचं असतं आणि एफ १० ला ५ मिलिमीटरचं. एका भाकरीचे दोन वाटे केले तर वाटा मोठा, दहा केले तर लहान, तसंच हे.

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही ओळ पाढ्यासारखी पाठ करून टाका. प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. एफ २.८ वरून एफ ४ ला गेलात तर शटरचा वेळ दुप्पट करावा लागेल, नाहीतर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) दुप्पट.

२. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे नक्की किती? 'कमी', 'जास्त' नको, सेंटिमीटरमध्ये सांगा.

फोकस खरं तर एकाच प्रतलावर असतो. त्याच्या थोडं पुढे आणि थोडं मागे जेवढं डोळ्याला शार्प वाटतं, त्या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

एफ १.८ ला माणूस २ मीटरवर असेल तर ही जाडी साधारण ११ सें.मी. भरते. तोच माणूस दीड मीटरवर आला की ६ सें.मी. आणि ३ मीटरवर गेला की २५ सें.मी. आता अंतर २ मीटरच ठेवा आणि आकडा बदला: एफ २.८ ला १७ सें.मी., एफ ४ ला २५ सें.मी. म्हणजे एफ १.८ ला एक मीटर मागे सरकलात तर जेवढी जाडी मिळते, तेवढीच जागेवर उभं राहून एफ ४ ला मिळते. आकड्याची चर्चा सगळे करतात, अंतराकडे मात्र फार थोडे लक्ष देतात. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या फोटोंमध्ये निम्म्याहून अधिक वेळा खरी चूक 'फार जवळून घेतला' हीच असते.

फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर) ८५ एमएम, एफ १.८ आणि २ मीटर हे गणित केलं तर जाडी ६ सें.मी. सुद्धा येत नाही.

हे आकडे नेहमीच्या आकाराच्या प्रिंटसाठी आहेत. संगणकावर १०० टक्के मोठं करून पाहिलं तर शार्प पट्टा याहून पातळ दिसणार.

३. एका माणसाच्या पोर्ट्रेटला कोणता ॲपर्चर ठेवू? एकच आकडा सांगा, गोंधळ नको.

एफ २.८, आणि माणसापासून २ मीटर.

या अंतरावर डोळ्यांच्या पुढे साधारण ८ सें.मी. आणि मागे तेवढंच शार्प राहतं. नाकाचा शेंडा, ओठ, दोन्ही डोळे आणि गालांचा बराचसा भाग त्यात बसतो. कान हलके होतात, तेही सुंदर दिसतं. माणूस किंवा तुम्ही एखादा सेंटिमीटर हललात तरी फोटो वाचतो. शिवाय एफ १.८ च्या बहुतेक स्वस्त लेन्स पूर्ण उघड्या असताना किंचित दुधाळ दिसतात, त्या एफ २.८ ला स्वच्छ होतात.

शंभर पोर्ट्रेट या आकड्याला काढा. आपल्याला काय कमी पडतंय ते हातांना कळायला लागलं की मग एफ १.८ कडे किंवा एफ ५.६ कडे वळा. दोन माणसं असतील तर प्रश्न ११ पाहा.

४. फोकस चेहऱ्यावर कुठे करायचा? दोनपैकी कोणत्या डोळ्यावर?

कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. बुबुळाची कड किंवा पापण्या जिथे स्पष्ट दिसतात तिथे.

कारण सोपं आहे. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६ सें.मी. अंतर असतं. चेहरा कॅमेऱ्याकडे सरळ असेल तर दोन्ही डोळे एकाच प्रतलात येतात आणि प्रश्नच उरत नाही. चेहरा ३० अंशांनी वळला की लांबचा डोळा ३ सें.मी. मागे जातो. दीड मीटरवरून एफ १.८ ला मागच्या बाजूला जेमतेम तेवढीच जाडी असते, म्हणजे तो डोळा काठावर येतो. चेहरा ४५ अंश वळला तर डोळा ४ सें.मी. हून जास्त मागे जातो आणि विरघळतो. जवळचा डोळा शार्प आणि लांबचा मऊ हे बघणाऱ्याला खटकत नाही. उलटं झालं तर लगेच खटकतं, का खटकतंय ते सांगता आलं नाही तरी.

दोन्ही डोळे हवेच असतील तर एफ २.८ किंवा एफ ४ ठेवा, किंवा चेहरा थोडा सरळ करायला सांगा.

५. माझ्याकडे फक्त किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) आहे, १८-५५. मागचं ब्लर होतच नाही. नवी लेन्स घ्यावीच लागेल का?

लगेच नाही. आधी मागचं कशाने विरघळतं ते समजून घ्या. माणसाला फ्रेममध्ये तेवढ्याच आकारात ठेवलं, तर खूप लांबची पार्श्वभूमी किती ब्लर होणार हे छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. ५५ एमएम, एफ ५.६ ला तो व्यास १० मिलिमीटर असतो. ५० एमएम, एफ १.८ ला २८ मिलिमीटर. फरक इथे आहे.

आता गंमत बघा. अनेकांना कॅमेऱ्यासोबत ५५-२५० सुद्धा मिळालेली असते आणि ती कपाटात पडून असते. २५० एमएम, एफ ५.६ ला छिद्र जवळजवळ ४५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे फिफ्टीपेक्षाही मोठं! फिफ्टीने दीड मीटरवरून जी फ्रेम मिळते तीच मिळवायला तुम्हाला माणसापासून साडेसात मीटरवर जावं लागेल आणि शटर १/४०० च्या आसपास ठेवावं लागेल, म्हणजे उजेड भरपूर हवा. शेतात, मैदानात, समुद्रकिनारी ही लेन्स अप्रतिम पोर्ट्रेट देते. घरात मात्र तेवढी जागा नसते.

फक्त १८-५५ असेल तर ती ५५ ला न्या आणि माणसाला भिंतीपासून सोडवा. पाठीमागे अर्ध्या मीटरवर भिंत असेल तर कुठलीच लेन्स फारसं काही करू शकत नाही. त्याच माणसाला दारात उभं करा आणि मागे बोळाचं दुसरं टोक येऊ द्या, फोटो बदलून जातो.

६. ५० एमएम १.८ घेतली, तरी निम्मे फोटो सॉफ्ट येतात. लेन्स खराब आहे का?

बहुधा नाही. लेन्स बदलून घ्यायला दुकानात जाण्याआधी एक सॉफ्ट फोटो १०० टक्के मोठा करा आणि त्यात कुठे तरी काही तरी शार्प आहे का ते शोधा.

कान, कॉलर, पदराची किनार यापैकी काही शार्प असेल तर फोकस चुकला आहे. कुठेच काही शार्प नसेल आणि सगळे बारीक ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर हात हलला आहे. मागची स्थिर भिंत ठीक आणि चेहराच पुसट असेल तर माणूस हलला आहे. पोर्ट्रेटला शटर १/१६० च्या खाली नेऊ नका. लहान मुलं असतील तर १/२५० किंवा १/५००.

फोकस चुकत असेल तर सर्वांत मोठं कारण म्हणजे कॅमेरा आपल्या मनाने फोकसचा पॉइंट निवडतो. ऑटो निवडीत डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) सहसा सर्वांत जवळची ठळक वस्तू पकडतो, ती नाक असेल, हात असेल, हातातला मोबाइलही असेल. म्हणून सिंगल पॉइंट लावा आणि तो पॉइंट स्वतः डोळ्यावर न्या.

दुसरं कारण शरीराचं डुलणं. आपण उभे असताना थोडे पुढे-मागे होतच असतो. फोकस घेतला, "हसा" म्हणालो आणि दोन सेकंदांनी क्लिक केलं, तेवढ्यात दोन सेंटिमीटर सरकलो. दीड मीटरवर, एफ १.८ ला जेमतेम ३ सें.मी. ची सवलत असते. कोपर छातीला टेकवा, एक पाय पुढे घ्या, फोकस झाल्या झाल्या क्लिक करा आणि तीन-चार फोटो काढा.

हे सगळं करूनही फोकस दर वेळी एकाच दिशेला चुकत असेल, तरच प्रश्न १८ कडे जा.

७. मी मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करते आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम लावते. सगळे हेच शिकवतात. यात काय चूक?

चूक नाही, पण एफ १.८ ला महाग पडते. कॅमेरा वळला की फोकसचं प्रतलही त्याच्यासोबत वळतं, आणि ते सपाट असल्यामुळे डोळ्याच्या मागे जाऊन पडतं. दीड मीटरवर १० अंश वळवलंत तर जवळजवळ सव्वादोन सें.मी. मागे, १५ अंशांना ५ सें.मी. मागे. म्हणूनच अशा फोटोंत कान शार्प आणि डोळे मऊ दिसतात.

एफ ४ ला आणि २ मीटरच्या पुढे ही पद्धत बिनधास्त वापरा. त्याच्या आत असाल तर डोळ्याजवळचा पॉइंट निवडा. एक अडचण आहे: कॅनन १५००डी मध्ये नऊ आणि निकॉन डी३५०० मध्ये अकरा पॉइंट असले तरी क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा, फक्त मधला आहे. अंधुक उजेडात कडेचे पॉइंट चाचपडतात. तिथे मी मधलाच पॉइंट वापरते, फ्रेम थोडी मोकळी ठेवते आणि नंतर क्रॉप करते. २४ मेगापिक्सेलमधून थोडं कापलं तर काही बिघडत नाही.

८. वन शॉट ठेवू की सर्वो?

माणूस बसलेला किंवा स्थिर उभा असेल तर वन शॉट (फोकस एकदा बसला की तिथेच थांबतो), निकॉनमध्ये एएफ-एस. मूल, चालत येणारी नवरी, नाचणारे मित्र यांच्यासाठी एआय सर्वो, म्हणजे एएफ-सी.

सर्वोमध्ये एक सापळा आहे. प्रश्न ७ मधली फ्रेम वळवायची पद्धत तिथे चालत नाही. बटण अर्धं दाबलेलं असताना कॅमेरा सतत फोकस घेत राहतो, त्यामुळे तुम्ही वळलात की पॉइंटखाली जे येईल त्यावर तो जातो. यावर उपाय म्हणून फोकस शटरवरून काढून मागच्या बटणावर द्यायचा. कॅननमध्ये एएफ-ऑन किंवा चांदणीचं बटण, निकॉनमध्ये एई-एल/एएफ-एल. अंगठा दाबलेला म्हणजे सर्वो, सोडला की फोकस जागेवर थांबला. आठवडाभर अवघड जातं. मग परत जावंसं वाटत नाही.

९. ताई, नवरीचे क्लोज-अप घेताना नथ शार्प येते आणि डोळे मऊ. मुंडावळ्या बांधल्यावर तर कॅमेरा वेडाच होतो. काय करू?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. मावसबहिणीच्या लग्नात अंतरपाट सरकल्यावरच्या दोन मिनिटांत मी चौदा फोटो काढले. एफ १.८, दीड मीटर. चौदाच्या चौदा फोटोंत मुंडावळीचे मोती इतके शार्प आहेत की दोरा दिसतो, आणि तिचे भरून आलेले डोळे मऊ आहेत. तो क्षण परत घेता आला नाही. त्या दिवसापासून मी लग्नात एफ २.८ च्या खाली जात नाही.

कारण समजलं की उपाय आपोआप सुचतो. डीएसएलआरचा ऑटोफोकस ठळक कड शोधतो. उजळ मोती आणि सोन्याची तार यांच्यासारखी ठळक कड चेहऱ्यावर दुसरी नाही. नथ डोळ्यांच्या प्रतलाच्या तीन-चार सें.मी. पुढे असते, त्यामुळे फोकस तिथे गेला की डोळे पट्ट्याच्या बाहेर. मुंडावळ्या कपाळावरून दोन्ही बाजूंना लोंबतात. चेहरा सरळ असेल तर त्रास कमी, पण चेहरा वळला की जवळची सर नेमकी लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये येते.

मी आता असं करते. पॉइंटचा आकार जेवढा लहान करता येईल तेवढा करते. नथ सहसा डाव्या नाकपुडीत असते, म्हणून चेहरा थोडा वळवून तिचा उजवा डोळा कॅमेऱ्याकडे आणते. असं केलं की फोकस द्यायच्या डोळ्याजवळ नथ नसते. मुंडावळीची सर डोळ्यावर येत असेल तर करवलीला सांगून बोटभर मागे सारून घेते. आणि शक्य असेल तिथे दीडऐवजी अडीच मीटरवरून फोटो घेते.

फक्त नथीचाच फोटो हवा असेल, तर तो वेगळा काढा आणि फोकस मुद्दाम नथीवर द्या. एकाच फोटोत नथही हवी आणि डोळेही, तर एफ ४.

१०. चष्मा असेल तर फोकस काचेवर जातो का?

काच पारदर्शक आहे, तिच्यावर क्वचित जातो. जातो तो फ्रेमच्या काडीवर किंवा काचेतल्या खिडकीच्या प्रतिबिंबावर. फ्रेम डोळ्यापासून साधारण सव्वा सें.मी. पुढे असते, त्यामुळे एफ २.८ ला फारसं नुकसान होत नाही. प्रतिबिंबाचं मात्र वाईट. त्यात दिसणारी खिडकी प्रकाशाच्या दृष्टीने लांब असते आणि कॅमेरा तिकडे गेला तर डोळा पूर्ण जातो. हनुवटी थोडी खाली करायला सांगा किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून घ्या, चमक निघून जाते.

११. जोडप्याला आणि ग्रुपला किती ॲपर्चर?

जोडपं गालाला गाल लावून असेल तर एफ २.८ पुरतो. नवरा अर्ध्या पावलाने मागे असेल तर त्यांच्या डोळ्यांत २०-३० सें.मी. चा फरक पडतो. ३ मीटरवरून एफ १.८ ला एकूण जाडी २५ सें.मी. आहे, म्हणजे एकाचा बळी जाणार. एफ ४ ला ५५ सें.मी. मिळते. मी एफ ४ घेते आणि दोघांचे चेहरे शक्य तितके एका रेषेत आणते.

दोन ओळींचा कुटुंबाचा फोटो असेल तर किट लेन्स ३५ एमएमला, एफ ५.६, ४ मीटर. या सेटिंगला जवळजवळ ३ मीटरपासून ६ मीटरपर्यंत सगळं शार्प येतं. ग्रुपसाठी फिफ्टीचा हट्ट कशाला? तीन ओळी असतील तर एफ ८.

लोक ग्रुपला हौसेने अर्धवर्तुळात उभं करतात. फोकसचं प्रतल सपाट असतं, त्यामुळे टोकाची माणसं त्यातून पुढे येतात. ओळ सरळ ठेवा.

१२. 'फोकसच्या पुढे एक तृतीयांश आणि मागे दोन तृतीयांश शार्प' हा नियम खरा का?

एका विशिष्ट अंतरालाच खरा. वरच्या उत्तरातला ४ मीटरवरचा ग्रुप घ्या, तिथे पुढे एक मीटर आणि मागे सव्वादोन मीटर मिळतात, नियम बसतो. पण २ मीटरवरच्या पोर्ट्रेटला पुढे-मागे जवळजवळ सारखीच जाडी असते. तिथे हा नियम धरून नाकाकडे फोकस केलात तर डोळ्यांची पुढची सवलत फुकट घालवाल. एका माणसाला फोकस डोळ्यावर, मोठ्या ग्रुपला पुढच्या ओळीतल्या चेहऱ्यावर.

१३. भर दुपारी एफ १.८ ला फोटो पांढराफटक येतो. सेटिंग चुकतंय का?

सेटिंग नाही, शटरची मर्यादा संपते. जुना हिशेब आहे: लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि शटर १/१००. तिथून एफ १.८ पर्यंत सहा स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) थोडं जास्त उघडावं लागतं, म्हणजे शटर १/८००० च्या आसपास हवं. १५००डी आणि डी३५०० दोन्ही १/४००० ला थांबतात. एक स्टॉप जास्तीचा प्रकाश येणारच.

एफ २.८ ठेवा, प्रश्न मिटतो. पण मे महिन्यात दुपारी बारा वाजता माणसाला उन्हात उभं करून डोळे किलकिले करायला लावण्यापेक्षा आंब्याखाली किंवा ओसरीत आणा. तिथला उजेड मऊ असतो आणि एफ १.८ सुद्धा चालतो.

१४. हॉलमध्ये अंधार असतो म्हणून एफ १.८ ठेवावाच लागतो ना? आयएसओ वाढवला की दाणे येतात.

दाणे आलेला शार्प फोटो आणि गुळगुळीत पण मऊ डोळ्यांचा फोटो, दोन्ही घरच्यांना दाखवा. ते पहिलाच घेतील. एफ २.८, १/१६०, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. दाणे आता सॉफ्टवेअरने कमी होतात, चुकलेला फोकस दुरुस्त होत नाही.

१५. स्वस्तात जुनी निकॉन ५० एमएम १.८डी मिळाली. डी३५०० वर फोकस हलतच नाही. फसलो का?

लेन्स चांगली आहे, जोडी चुकली. 'डी' लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यातल्या मोटरने फिरते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटर नाही, डी७००० मालिकेत आहे. मिररलेस (आरसा नसलेल्या) झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड ॲडॅप्टर लावूनही ही लेन्स ऑटोफोकस करत नाही.

तुमच्या कॅमेऱ्यावर हाताने फोकस करा. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला. ऑटोफोकस हवा असेल तर १.८जी घ्यावी लागेल. लेन्सवरची ॲपर्चरची रिंग २२ ला नेऊन लॉक करायला विसरू नका, नाहीतर स्क्रीनवर एफईई अशी सूचना येते आणि शटर उघडत नाही.

१६. क्रॉप फॅक्टर (लहान सेन्सरमुळे लागणारा गुणक) ॲपर्चरलाही लागतो का?

एक्स्पोजरला (फोटोतल्या उजेडाला) लागत नाही. एफ १.८ हा प्रकाशासाठी एफ १.८ च. पण फ्रेम तशीच ठेवून ब्लर किती दिसेल हे विचारत असाल, तर दीडने गुणा. क्रॉपवर ५० एमएम, एफ १.८ जसं दिसतं, तसं फुल फ्रेमवर ७५ एमएम, एफ २.७ च्या आसपास दिसतं. म्हणून फुल फ्रेमवाल्याने "एफ १.४ ठेव" असं सांगितलं तर तो तुमच्या आकड्यांत बोलत नाही आणि तुम्ही त्याच्या आकड्यांत बोलत नाही.

१७. मिररलेसमध्ये आय एएफ (डोळा ओळखून आपोआप होणारा फोकस) असताना हे सगळं शिकायचं कशाला?

आय एएफने खूप सोय झाली आहे, मी ते रोज वापरते. प्रश्न ६ आणि ७ मधल्या बहुतेक चुका ते वाचवतं, कारण फोकस थेट सेन्सरवर मोजला जातो आणि डोळा फ्रेममध्ये कुठेही असला तरी सापडतो. पण कोणता डोळा, दोघांतला कोणाचा चेहरा आणि जाडी किती, हे अजून तुम्हालाच ठरवायचं आहे. डोळ्यावर केस, पदर किंवा मुंडावळी आली की आय एएफही डगमगतं. चौकोन डोळ्यावर दिसत असला तरी दर दहा-पंधरा फोटोंनंतर एक फोटो मोठा करून बघा.

१८. फ्रंट फोकस, बॅक फोकस म्हणजे काय? घरी कसं तपासू?

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा भाग वेगळा असतो आणि फोटो टिपणारा सेन्सर वेगळा. दोघांमध्ये किंचित तफावत असली की फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो.

कॅमेरा स्टँडवर ठेवा. टेबलावर एक डबा उभा ठेवा आणि त्याच्या शेजारी पट्टी ४५ अंशात तिरकी, तिचा मधला आकडा डब्याच्या पुढच्या कडेला. पूर्ण उघड्या ॲपर्चरला, मधल्या पॉइंटने, डब्यावर फोकस करून दहा फोटो काढा आणि दर वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवा. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून). व्ह्यूफाइंडरचे फोटो सातत्याने एकाच बाजूला आणि लाइव्ह व्ह्यूचे अचूक येत असतील तर तफावत आहे. कधी पुढे, कधी मागे असं येत असेल तर दोष यंत्राचा नसतो, पद्धतीचा असतो.

कॅननच्या ८०डी आणि निकॉनच्या डी७००० मालिकेसारख्या कॅमेऱ्यांत ही तफावत मेनूतूनच दुरुस्त करता येते. नवशिक्यांसाठीच्या स्वस्त कॅमेऱ्यांत ती सोय नसते. तिथे सर्व्हिस सेंटर हा एक मार्ग, किंवा स्थिर पोर्ट्रेटसाठी सरळ लाइव्ह व्ह्यू वापरणे. २०१३ च्या कॅनन ७०डी पासून आलेली, सेन्सरवरच फोकस मोजणारी ड्युअल पिक्सेल पद्धत २००डी मध्येही आहे, त्यामुळे तिथे लाइव्ह व्ह्यूचा फोकस झटपट बसतो. १५००डी मध्ये तो बराच सावकाश आहे.

१९. मागच्या दिव्यांचे गोळे मध्यभागी गोल येतात, कडेला मात्र लिंबाच्या फोडीसारखे. का?

पूर्ण उघड्या लेन्समध्ये कडेने तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीनेच थोडा अडतो, म्हणून गोळा दोन्हीकडून चेपतो. एफ २.८ ला आलात की तो बराच गोल होतो. पण बंद करत गेलात की पात्यांचा आकार दिसायला लागतो. कॅननच्या जुन्या ५० एमएम १.८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पाचच पाती होती, त्यामुळे दिवे पंचकोनी यायचे. २०१५ च्या एसटीएममध्ये सात गोलसर पाती आहेत. मागच्या या ब्लरला बोके म्हणतात, शब्द जपानी आहे, अर्थ धूसरपणा. दिवाळीच्या माळेसमोर माणसाला दोन-तीन मीटर पुढे आणून एफ २ ला फोटो घ्या आणि गोळे स्वतः बघा.

२०. मोबाइलवर तर एफ १.८ लिहिलेलं असतं. मग पोर्ट्रेट मोड कशाला लागतो?

मोबाइलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मिलिमीटर असते. एफ १.८ ने भागा, छिद्र जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटरचं. प्रश्न ५ मधलं गणित लावलंत तर किट लेन्सपेक्षाही कमी. म्हणून मोबाइल आधी सगळं बऱ्यापैकी शार्प टिपतो, मग कोण पुढे आणि काय मागे याचा अंदाज बांधून मागचं गणिताने पुसतो. मोकळे केस, चष्म्याच्या काड्या, कानातल्या झुब्यांच्या मधली जागा इथे तो अंदाज चुकतो. साधी, लांबची पार्श्वभूमी दिलीत तर काम छान होतं.

२१. मागचं ब्लर केलं नाही, तर त्याला पोर्ट्रेट म्हणायचं का?

म्हणायचंच. आधी माणूस कोण आहे आणि तो कुठे आहे हे बघा, मग आकडा ठरवा. दिवे घाटात वारकऱ्याचा फोटो घेताना मागची दिंडी, पताका आणि घाटाचं वळण पुसून टाकलंत, तर तो फोटो कुठल्याही टोपीवाल्या आजोबांचा होईल. तिथे मी २४ एमएम, एफ ८ ठेवते आणि २ मीटरवर फोकस करते. साधारण सव्वा मीटरपासून साडेचार मीटरपर्यंत शार्प राहतं आणि त्यापलीकडची दिंडी थोडी मऊ, पण ओळखू येईल अशी दिसते.

फोकस डोळ्यावरच हवा, हाही नियम अशा ठिकाणी सुटतो. चाकावरच्या कुंभाराचे ओले हात, भाकरी थापणाऱ्या आजीच्या बांगड्या आणि परातीतलं पीठ. चूल पेटलेली असेल तर मी चुलीच्या उजेडातच बसते, आजीच्या समोर, जमिनीवर, तिच्या हातांच्या उंचीला कॅमेरा आणून. एफ ४, फोकस हातांवर. चेहरा थोडा मऊ येतो, पण ती हसतेय हे कळतं.